पाहुण्यांच्या सोफ्याखालची पिढी

एका जंगलात, बाळांनो, एक महाविद्यालय होतं.

दात काढू नका. जंगलात महाविद्यालय का असू नये? आपल्याकडं महाविद्यालयात जंगल असतं, ते बरं चालतं तुम्हाला.

तर या महाविद्यालयात शिकवायला फारसा वेळ मिळत नसे. तिथं कार्यक्रम असत. आज उद्घाटन, उद्या समारोप, परवा दोन्हींचा आढावा. एक सप्ताह संपला की दुसरा पंधरवडा सुरू. प्राध्यापक एकमेकांना भेटले की 'काय शिकवताय सध्या?' असं विचारत नसत. 'कुठला सप्ताह चाललाय?' असं विचारत.

जागेला तोटा नव्हता म्हणा. भलंमोठं सभागृह होतं. पण ते कायम कुलपात. उद्घाटनाला एकदाच उघडलं होतं, तेव्हा फरशीवर खुरांचे ओरखडे पडले. ते प्राचार्यांच्या मनाला इतकं लागलं, की त्यांनी पुन्हा उघडूच दिलं नाही. वाचनालयही होतं. त्यात जुन्या कार्यक्रमांच्या कमानी, पताका आणि थर्माकोलचे हंस ठेवले होते. पुस्तकं त्यांच्या मागं होती म्हणतात. कोणी पाहिली नव्हती.

राहिलं मैदान. त्या मैदानाच्या कडेला, बारीक खडी पसरलेली होती तिथं, गोदाक्का नावाची टिटवी राहायची.

टिटवी घरटं बांधत नाही, ठाऊक आहे ना? नाही? शाबास! कुठल्या महाविद्यालयात आहात? अरे, ती जमिनीतच जरासा खळगा करते, चार खडे सारखे करते आणि तिथंच अंडी घालते. अंडी दिसतात अगदी खड्यांसारखी. शत्रूला दिसत नाहीत, ही त्यातली खुबी. मित्रालाही दिसत नाहीत, ही पंचाईत.

गोदाक्काची पहिली अंडी मुंगसानं खाल्ली होती. दुसरी वळवाच्या लोंढ्यात गेली. ही तिसरी खेप. चार अंडी होती आणि आता आतून टकटक ऐकू यायला लागली होती. गोदाक्का डोळ्यांत तेल घालून बसली होती. ही पोरं जगली नाहीत तर आपण काही जगत नाही, असं तिनं मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

तिचा नवरा जवळच उताणा पडून, पाय वर करून झोपायचा. आभाळ पडलं तर झेलायला कोणीतरी हवं, असं त्याच्या घराण्यात मानत. एवढी मोठी जबाबदारी असल्यावर माणसाकडून घरचं काम कसं व्हायचं?

एके दिवशी मैदानातल्या चिंचेखाली कार्यक्रम समितीची बैठक भरली. समितीचे प्रमुख होते सांबरसर. शिंगं म्हणजे काय सांगू! रुंद, फाटेदार, तेल लावून चकचकीत केलेली. सर दारातून आत येत तेव्हा शिंगं आधी येत आणि सर नंतर.

"यंदा आपण जंगलस्तरीय चर्चासत्र घेत आहोत," सांबरसर म्हणाले. "विषय आहे, 'उद्याची पिढी: संधी आणि आव्हाने'. प्रमुख पाहुणे, साक्षात वाघसाहेब."

सगळ्यांनी माना डोलावल्या. विषयावर पुढं कोणी अवाक्षर काढलं नाही. शाल कुठल्या रंगाची, यावर मात्र रणकंदन झालं. गुच्छ द्यायचा की रोप द्यायचं, यावर दोन प्राध्यापकांचं बोलणं कायमचं बंद झालं. मग स्टेजचं तोंड कुठं करायचं, हे निघालं आणि दुपार टळली.

शेवटी सांबरसरांनी निकाल दिला. "स्टेजची पाठ नव्या कमानीकडं. फोटोत कमान आली पाहिजे."

"अहो, पण मग समोर बसणाऱ्यांच्या तोंडावर ऊन येईल," एक म्हातारी भेकरबाई भीत भीत म्हणाली. "दिवसभर बसायचंय लेकरांना."

"विद्यार्थी फोटोत येत नाहीत," सर म्हणाले, आणि विषय संपला.

गोदाक्का हे सगळं बसल्या जागी ऐकत होती. तिनं मान वळवून अंदाज घेतला. स्टेज तिकडं, तर विद्यार्थी इकडं. म्हणजे अख्ख्या महाविद्यालयाची खुरं बरोब्बर आपल्या अंड्यांवर!

"अहो, उठा!" तिनं नवऱ्याला चोच मारली. "इथं मांडव पडतोय!"

"आणि आभाळ पडलं तर?" नवरा डोळे न उघडता म्हणाला.

गोदाक्का एकटीच निघाली. आधी गेली ती रानडुकराकडं. मांडवाचा कंत्राटदार तोच. मुसंडी मारून खड्डे पाडण्यात त्याचा हात कोणी धरत नसे. हात म्हणजे सुळा.

"दादा, माझी अंडी आहेत हो तिथं. मांडव जरा अलीकडं घ्या."

"अक्का, आपण खड्डे पाडणारी माणसं," डुक्कर म्हणाला. "सांगतील तिथं पाडायचे. आणि एकदा खांब रोवला ना, की बापाला हलत नाही."

मग ती साळुंकी मॅडमकडं गेली. मॅडम सूत्रसंचालन करत. त्या आरशासमोर 'स्वागतम्, सुस्वागतम्' घोकत होत्या. गोदाक्कानं सगळं सांगितलं. मॅडमच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"किती हृदयद्रावक!" त्या म्हणाल्या. "थांबा हं, गोदाक्का." त्यांनी तिथल्या तिथं आईच्या मायेवर चार ओळी जुळवल्या आणि म्हणून दाखवल्या. "पाहुण्यांच्या परिचयाआधी टाकते. टाळ्या पडतील बघा."

"पण अंड्यांचं काय, मॅडम?"

"त्यांचाच तर उल्लेख आहे दुसऱ्या ओळीत."

मग गोदाक्का सांबरसरांकडं गेली. सरांनी तिचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. ज्यांना काही करायचं नसतं ते फार शांतपणे ऐकतात, हे ध्यानात ठेवा.

"तुमच्या भावना मी समजू शकतो," सर म्हणाले. "म्हणून तर दुसऱ्या सत्रात 'अंडे: एक चिंतन' असा निबंध ठेवलाय. मीच वाचणार आहे."

शेवटी ती प्राचार्यांपुढं उभी राहिली. प्राचार्य होते गवा. अंगानं डोंगर, आवाज गुहेतला. रवंथ करता करता म्हणाले, "अंडी हलवा."

"साहेब, हलवली तर मरतील. आता फुटायला आलीत."

"मग काय, तारीख हलवू? तारीख वाघसाहेबांनी दिलीय!"

"साहेब, निदान दोरी तरी बांधा भोवती."

"दोरी पाहुण्यांसाठी असते," प्राचार्य म्हणाले आणि पुन्हा रवंथ करू लागले.

गोदाक्का परत आली आणि अंड्यांवर बसली. फार रडली. संतापली तर त्याहून जास्त. चार जीव आत टकटक करताहेत, आणि या मेल्यांना शालीचा रंग महत्त्वाचा! पण रागानं खुरं थांबत नाहीत. थांबली असती तर आपल्या देशात एवढे कार्यक्रम झाले नसते.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळीच लगीनघाई सुरू झाली. डुकरानं भराभर खांब रोवले. वानरं खुर्च्या फेकत होती. छातीवर फीत लावली की वानराला स्वयंसेवक म्हणतात. रंगीत तालमीसाठी नीलगायींचा अख्खा वर्ग रांगेनं मैदानात आणला, आणि रांग सरळ खडीकडं वळली.

आता गोदाक्काकडं एकच उपाय उरला होता. टिटव्यांच्या आयांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेला. ती पळत पुढं गेली, एक पंख जमिनीवर फरफटवला आणि लंगडत, कोलमडत ओरडायला लागली. पंख मोडलाय असं सोंग. शत्रू तिच्या मागं लागतो, अंड्यांपासून लांब जातो. कोल्हा फसतो याला. लांडगा फसतो. सापसुद्धा फसतो.

नीलगायी थांबल्या. वानरं थांबली. गोदाक्का जीव तोडून लोळत होती.

आणि टाळ्या पडल्या.

"वा!" सांबरसर ओरडले. "काय भावमुद्रा आहे! साळुंकी मॅडम, हे स्वागतनृत्यानंतर घ्या."

कोल्ह्यालासुद्धा ज्यात आईचा जीव दिसतो, त्यात या शहाण्यांना सांस्कृतिक कार्यक्रम दिसला. गोदाक्का उठली. अंगावरची धूळ झटकायचंही त्राण तिच्यात नव्हतं.

तेवढ्यात आरडाओरडा झाला. वानरांनी पाहुण्यांचा सोफा आणला होता. लाल मखमली, सोनेरी पायांचा. तो स्टेजसमोर, सगळ्यांच्या पुढं ठेवला होता. एक दमलेलं पाडस चुकून त्याला टेकलं, एवढंच.

"ए! दिसत नाही का? पाहुण्यांचा सोफा आहे!"

चारी बाजूंनी वानरं धावली. पाडसाला कान धरून हुसकलं. मखमल पुसली. सोफ्याभोवती खुंट्या ठोकून दोरी बांधली. मग गोदाक्कानं पाहिलं, की खुर्च्या वाहणारी वानरंही दोरीला वळसा घालून जाताहेत. डुक्कर, जो भिंतीतून आरपार जातो, तोही वळसा घालून गेला. प्राचार्य आले, त्यांनी रिकाम्या सोफ्याला जरासं झुकून नमस्कारसुद्धा केला.

गोदाक्का बघत राहिली. मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

ती तुरुतुरु सांबरसरांकडं गेली. "सर, एक सांगू? लहान तोंडी मोठा घास होईल."

"बोला."

"ती कमान बघा. तुम्ही भाषणाला उभे राहिलात की बरोबर तुमच्या शिंगांत शिरतेय. फोटोत शिंगं कुठली आणि कमान कुठली, काही कळायचं नाही."

सरांचा चेहरा पडला. ते चार पावलं मागं गेले, पुढं आले, मान तिरकी करून पाहिलं.

"स्टेज त्या बाभळीपाशी नेलंत," गोदाक्का खडीवर जाऊन उभी राहत म्हणाली, "की तुमच्या मागं नुसतं मोकळं आभाळ. आणि सोफा बरोब्बर इथं, खडीवर. मी उभी आहे ना, इथं. इथून वाघसाहेबांना दोन्ही शिंगं टोकापर्यंत दिसतील."

"हलवा!" सांबरसर गरजले. "सगळं हलवा!"

काय सांगू तुम्हाला! बापाला न हलणारे खांब उपटले गेले. चार जिवांसाठी जो मांडव वीतभर सरकला नव्हता, तो दोन शिंगांसाठी बाभळीपर्यंत गेला. डुक्कर कुरकुरलासुद्धा नाही. "सरांनी सांगितल्यावर डोंगर हलतो, अक्का," तो वर म्हणाला.

सोफा आला. गोदाक्काचा जीव टांगणीला लागला होता. "हळू, बाबांनो! पाहुण्यांचा आहे!" असं ती ओरडत राहिली, आणि पाहुण्यांचं नाव ऐकून वानरं खरंच हळू झाली. सोनेरी पाय अंड्यांच्या चारी बाजूंना टेकले. भोवती दोरी आली. सगळे वळल्यावर गोदाक्का सोफ्याखाली शिरली आणि अंड्यांवर बसली.

दुसऱ्या दिवशी सूर्य वर यायच्या आत विद्यार्थी आणून बसवले. पाहुणे काही आले नाहीत. साळुंकी मॅडम दर थोड्या वेळानं सांगत, "पाहुणे निघालेले आहेत." मग "पाहुणे वाटेत आहेत." मग "पाहुणे अगदी जवळ आलेले आहेत." वाघसाहेब ओढ्याकाठी जांभळीखाली घोरत पडले होते, हे साऱ्या जंगलाला माहीत होतं. पण उठवणार कोण?

ऊन तापलं. एक पाडस चक्कर येऊन पडलं. त्याला उचलून बाजूला ठेवलं आणि त्याची खुर्ची लगेच दुसऱ्यानं भरली, कारण रिकामी खुर्ची वाईट दिसते. भाषणं सुरू होती. सांबरसर उद्याच्या पिढीबद्दल बोलले. मग उद्याच्या पिढीबद्दल आणखी बोलले. उद्याची पिढी समोर तहानेनं जिभा बाहेर काढून बसली होती.

दुपार कलली आणि कोणीतरी कर्ण्यातून पुटपुटलं, "भोजनाची व्यवस्था स्टेजच्या मागं..."

वाक्य पुरं झालंच नाही. सगळा कळप एकदम उठला. खुर्च्या उलटल्या. समई आडवी झाली. नीलगायी, हरणं, रानगवे धुळीच्या लोटात सरळ अंगावर येऊ लागले. सोफ्याखाली गोदाक्कानं पंख पसरले आणि डोळे मिटले. जमीन हादरत होती. तिच्या पोटाखाली काहीतरी तडकलं. गेलं, संपलं सगळं, असं तिला वाटलं.

तिनं डोळे उघडले तर खुरं दोरीपाशी दुभंगत होती. अर्धी इकडून, अर्धी तिकडून. भुकेनं आंधळा झालेला कळप, प्राचार्यांना तुडवून गेला, पण रिकाम्या सोफ्याला वळसा घालून गेला! याला म्हणतात शिस्त.

आणि तडकलेलं होतं ते अंडं होतं. त्यातून एक ओलं, इवलं डोकं बाहेर आलं होतं. मग दुसरं. मग उरलेली दोन. गोदाक्का हसली, रडली, वेड्यासारखी टिवटिवली. ऐकायला कोणी नव्हतं. सगळे जेवणाच्या रांगेत होते.

पाहुण्यांचा सत्कार मात्र झाला. ते नसले म्हणून काय झालं? सांबरसरांनी सोफ्यालाच शाल पांघरली, श्रीफळ ठेवलं आणि फोटो काढला. शालीचं टोक खाली लोंबलं आणि चार ओल्या पिलांना ऊब मिळाली. सत्काराच्या शालीचा मला ठाऊक असलेला हा एकमेव उपयोग.

कार्यक्रम संपला, मांडव निघाला, पण सोफा तिथंच राहिला. वाघसाहेब उशिरा का होईना आले तर? हलवायचा हुकूम द्यायला कोणी तयार होईना. त्यामुळं पिलं सोफ्याखालीच वाढली. घार आली की सोफ्याखाली पळायची. जाणारे-येणारे वाकून नमस्कार करत, ते पिलांना वाटे आपल्यालाच.

"चला रे, तळ्यावर जाऊ," गोदाक्का म्हणायची. "किडे कसे पकडायचे ते दाखवते. आणि पंख मोडल्याचं सोंग कसं करायचं, तेही."

"आत्ता नको," पिलं म्हणायची. "पाहुणे यायचेत."

गोदाक्काला हसू यायचं. किती गोड बोलतात, असं वाटायचं तिला. जिवंत आहेत ना? मग झालं!

वर्ष सरलं. गोदाक्कानं पुन्हा त्याच खडीत, सोफ्याखाली खळगा केला आणि अंडी घातली. आतून टकटक सुरू झाली, त्याच सुमाराला एके सकाळी चार तरणेताठे टिटवे तिच्यासमोर येऊन उभे राहिले. चौघांच्या छातीवर रेशमी फिती.

"बाई, इथून उठावं लागेल," पहिला म्हणाला. "कार्यक्रम आहे."

"अरे, बाई काय म्हणतोस? मी तुझी आई!"

"ते माहीत आहे आम्हाला. पण आम्ही आता समितीत आहोत. घरची नाती मध्ये आणू नका."

"माझ्या राजांनो, तुमची भावंडं आहेत यात! ऐका, टकटक ऐका. तुम्हीही अशीच होतात." गोदाक्कानं अंड्यांवर पंख पसरले. "बरं, सोफा तरी राहू द्या इथं. पाहुण्यांचा सोफा ठेवा वर. एवढं करा आईसाठी."

चौघांनी एकमेकांकडं पाहिलं.

"यंदा सोफा स्टेजवर जाणार," दुसरा म्हणाला. "इथं विद्यार्थी बसणार."

तिकडून नीलगायींची रांग निघाली होती. गोदाक्कानं एकदा अंड्यांकडं पाहिलं, एकदा आपल्या पोरांकडं. मग ती धावत पुढं गेली, पंख फरफटवला आणि कोलमडत, ओरडत धुळीत लोळायला लागली.

चौघं थबकले. मग थोरल्यानं हसून टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

"छान आहे," तो म्हणाला. "स्वागतनृत्यानंतर घेऊ."

तात्पर्य: बाळांनो, या जगात न आलेल्या पाहुण्याच्या जागेइतकी सुरक्षित जागा दुसरी नाही. तिथं वाढलेल्या पिढीपुढं कसलीही आव्हानं नसतात, नुसत्या संधी असतात. म्हणून मोठेपणी आईच्या पंखाखाली घुटमळत बसू नका. एखादा रिकामा सोफा गाठा. आता उठा, आणि जाताना खुर्च्या नीट लावून जा. पुढची मात्र सोडून. ती राखीव आहे.